क्लोरीनला कसं कळतं की आपल्याला एकच कमी आहे?

मीठभाकर
नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.
लेक यंदा अकरावी सायन्सला गेली. दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि आता सगळं एकदम इंग्रजीत, त्यामुळे आमच्याकडे रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर भाषांतर केंद्र उघडतं. मी स्वतः बी.कॉम., केमिस्ट्री दहावीला सुटली ती सुटलीच. परवा रासायनिक बंधांचा धडा काढला. सोडियमच्या बाहेरच्या कवचात एक इलेक्ट्रॉन, क्लोरीनच्या बाहेरच्या कवचात सात, दोघांनाही अष्टक (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण करायचंय म्हणून हा देतो तो घेतो आणि झालं मीठ. एवढं मला आठवत होतं म्हणून मी ऐटीत सांगून टाकलं. तर ही म्हणते, "आई, पण क्लोरीनला कसं कळतं आपल्याला एकच कमी आहे ते? तो मोजतो का? आणि आठच का, बारा का नाही?"
मी म्हटलं उद्या क्लासला विचार. विचारलं, तर उत्तर आलं की अष्टक नियम आहे, पाठ करा, परीक्षेत असले प्रश्न येत नाहीत. हिरमुसून घरी आली पोरगी.
तर इथल्या जाणकारांनी मला समजेल अशा भाषेत सांगावं. तिला मी सांगेन, नाहीतर ती शेजारी बसून वाचतेच आहे.

बिनपगारी_वाचक
जागा पकडून बसलो. मलाही अकरावीत हाच प्रश्न पडला होता, उत्तर मिळालं नाही म्हणून बँकेत लागलो.

निवृत्त_खडू
ताई, आधी लेकीला शाब्बास सांगा. ३१ वर्षं शिकवलं मी, हा प्रश्न विचारणारी मुलं दर वर्षी दोन-तीनच निघायची.
उत्तर असं की क्लोरीनला काहीही कळत नाही. पाऊस पडला की डोंगरावरचं पाणी ओढ्याला जाऊन मिळतं, त्या पाण्याला ओढा कुठे आहे ते ठाऊक असतं का? नसतं. उतार असतो म्हणून जातं. अणूंचंही तसंच, फक्त इथला उतार ऊर्जेचा. दोन अणू जवळ आल्यावर दोघांची मिळून ऊर्जा कमी होत असेल तर ते एकत्र राहतात, नसेल होत तर आपापल्या वाटेनं जातात. 'अष्टक हवं असतं', 'इलेक्ट्रॉन द्यायला उत्सुक असतो' ही सगळी आम्हा मास्तरांची बोलीभाषा, तासात पटकन सांगायला सोयीची म्हणून. मुलं ती खरी धरून बसतात आणि तिथेच घोळ होतो.
आता उतार येतो कुठून? सगळ्यात साधं उदाहरण घ्या, हायड्रोजन. प्रत्येक अणूत मधे एक प्रोटॉन (हेच त्याचं केंद्रक), धन प्रभार, आणि भोवती एक इलेक्ट्रॉन, ऋण प्रभार. दोन हायड्रोजन लांब आहेत तोवर ज्याचा इलेक्ट्रॉन त्याच्यापाशी. जवळ आले की प्रत्येक इलेक्ट्रॉनला दोन-दोन केंद्रकं ओढायला लागतात, आणि दोन्ही इलेक्ट्रॉन दोन केंद्रकांच्या मधल्या जागेत जास्त वावरतात. मधे ऋण, दोन्ही बाजूंना धन, झाली की नाही चिकटपट्टी. अजून जवळ ढकललं तर मात्र दोन्ही प्रोटॉन एकमेकांना हाणायला लागतात कारण सारखे प्रभार. म्हणजे एक अंतर असं येतं की त्याच्या अलीकडे ओढ, पलीकडे ढकलाढकली, ओढ्याचा तळ म्हणा. हायड्रोजनसाठी ते अंतर ७४ पिकोमीटर. पिकोमीटर म्हणजे मीटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. तिथून त्यांना परत सुटं करायचं तर मोलमागे (मोल म्हणजे अणू-रेणू मोजायचं ठरलेलं माप, डझनासारखं) ४३६ किलोज्यूल मोजावे लागतात. हाच बंध. दोन अणूंमध्ये आकड्या-कडीसारखं काही अडकवलेलं नसतं, वहीत काढतो ती रेघ फक्त आपल्या सोयीची.

पुणेरीशंका
आबा, उत्तम, पण थोडी भर. इलेक्ट्रॉन मधे येतो म्हणून बंध होतो हे अर्धंच झालं. इलेक्ट्रॉनला लहान जागेत कोंडलं की क्वांटम नियमांमुळे त्याची ऊर्जा वाढते, दोन केंद्रकांभोवती फिरायला मिळालं की जागा मोठी होते, तो भागही हिशोबात येतो. हायड्रोजनचं हे गणित १९२७ साली हाइटलर आणि लंडन या दोघांनी पहिल्यांदा मांडलं.

निवृत्त_खडू
मान्य. पण अकरावीच्या पोरीला पहिल्याच दिवशी क्वांटम पाजू नका हो.

कार्बनकॉपी
मी एका केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे, पाय खेचू नका.
मीठभाकरताई बी.कॉम. आहेत ना, मग त्यांना मिठाचा ताळेबंदच मांडून दाखवते. सगळे आकडे मोलमागे किलोज्यूलमध्ये.
सोडियम 'आनंदाने' इलेक्ट्रॉन देतो असं पुस्तकात ध्वनित होतं ते साफ खोटं आहे. सोडियमच्या अणूतून तो एक इलेक्ट्रॉन उपटायला ४९६ खर्च येतो. क्लोरीनने तो घेतला की ३४९ परत मिळतात. म्हणजे नुसत्या देवाणघेवाणीत १४७ चा तोटा! धंदा इथेच बंद पडायला हवा होता. पडत नाही, कारण आता तयार झालेत एक धन आणि एक ऋण आयन (आयन म्हणजे प्रभार असलेला अणू), आणि असे अब्जावधी आयन एकमेकांना ओढून जाळीसारखे रचले जातात, त्या रचनेत सुटतात तब्बल ७८७. सगळा नफा जाळीत आहे.
पूर्ण ताळेबंद हवा असेल तर खर्चाच्या बाजूला अजून दोन नोंदी. सोडियम मुळात घन धातू, त्याचे सुटे अणू करायला १०७, आणि क्लोरीन मुळात जोडीने असतो, त्या जोडीतला एक सुटा करायला १२१. एकूण खर्च ७२४, एकूण जमा ११३६, शिल्लक ४१२. तक्त्यात मिठासाठी ४११ दिलेला असतो, एखादा आकडा इकडेतिकडे होतो तो गोळाबेरीज केल्यामुळे.
आता लेकीचा प्रश्न परत घ्या. सोडियम एकच का देतो, दोन का नाही देत? दुसरा इलेक्ट्रॉन आतल्या कवचातला, केंद्रकाला घट्ट चिकटलेला. तो काढायला ४५६२ लागतात. एवढा तोटा कुठलीच जाळी भरून काढू शकत नाही. म्हणजे 'आठ पूर्ण झाले म्हणून थांबला' असं नाही, पुढचा सौदा परवडत नाही म्हणून थांबला.

मीठभाकर
ताळेबंद!! कार्बनकॉपी, तुमचे पाय कुठे आहेत, धरते. तीस वर्षांत कुणी असं सांगितलं नाही. लेक म्हणतेय तिने वहीत खर्च डावीकडे, जमा उजवीकडे असं टी-अकाउंट काढलंय.

बिनपगारी_वाचक
बँकेत लागूनही केमिस्ट्री समजली, म्हणजे अगदीच वाया नाही गेलो.

पुणेरीशंका
अजून एक दुरुस्ती, धागाकर्तीच्या वाक्यात आहे म्हणून. 'सोडियम देतो, क्लोरीन घेतो, झालं मीठ' यावरून वाटतं की मिठाच्या कणात सोडियम-क्लोरीनच्या छोट्या छोट्या जोड्या आहेत. नाहीत. प्रत्येक सोडियम आयनाला सहा क्लोराइड शेजारी आणि प्रत्येक क्लोराइडला सहा सोडियम, वर खाली डावी उजवी पुढे मागे. कोण कुणाचा जोडीदार हे सांगताच येत नाही, म्हणून मिठाचा 'रेणू' असं म्हणत नाहीत. खडामीठ भिंगाखाली बघा, चौकोनी ठोकळे दिसतात, ती आतली रचनाच बाहेर दिसते. आणि खड्यावर बत्ता मारला की तो चपटा होत नाही, फुटतो. कारण एक थर जरासा सरकला की धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतं, जे धरून ठेवत होते तेच दूर लोटायला लागतात.
याउलट आमच्या कसब्यातल्या तांबट आळीत जा. तांब्याच्या पत्र्यावर दिवसभर हातोडी पडते, पत्रा फुटत नाही, हंड्याचा आकार घेतो. तिथे बाहेरचे इलेक्ट्रॉन कुणा एका अणूचे नसतात, सगळ्या तुकड्यात मोकळे फिरतात, त्यामुळे थर सरकला तरी गोंद तसाच. वीजही त्यामुळेच वाहते. हा धातुबंध, पुस्तकात याला अर्धं पान देतात आणि पुढे पळतात.

अकरावी_ब
नमस्कार, मी ती मुलगी. आईने अकाउंट काढून दिलं.
एक गोंधळ आहे. मी यूट्यूबवर हिंदीतून व्हिडिओ बघते तिथे सर म्हणतात "दो परमाणु मिलकर अणु बनाते हैं". आम्ही शाळेत शिकलो दोन अणू मिळून रेणू होतो. मग अणू म्हणजे नक्की कोण?
आणि माझा आठचा प्रश्न राहिलाच.

निवृत्त_खडू
ये बाळ. हा गोंधळ भाषेचा आहे, तुझा नाही. हिंदीत ऍटमला परमाणु आणि मॉलिक्यूलला अणु. मराठीत ऍटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. म्हणजे तोच 'अणु' शब्द सीमा ओलांडली की मोठा होतो. तू अकरावीत सरळ ऍटम, मॉलिक्यूल म्हण, भांडण मिटलं.
आठचं कार्बनकॉपी नीट सांगेल.

कार्बनकॉपी
सांगते. आवर्तसारणीच्या दुसऱ्या ओळीतल्या मूलद्रव्यांच्या, म्हणजे कार्बन नायट्रोजन ऑक्सिजन फ्लोरीन यांच्या, बाहेरच्या कवचात इलेक्ट्रॉनला बसायला चार जागा, एक एस आणि तीन पी, यांना ऑर्बिटल म्हणतात, पुढच्या धड्यात येतीलच. एका जागेत जास्तीत जास्त दोन. चार दुणे आठ. हायड्रोजनकडे जागाच एक म्हणून त्याचं दोनावर भागतं. पुढचा इलेक्ट्रॉन घ्यायचा तर वरच्या लांबच्या कवचात टाकावा लागतो, तिथे केंद्रकाची ओढ इतकी कमी पोचते की परवडत नाही. आठ म्हणजे काही पवित्र आकडा नाही, जागा संपल्या एवढंच.
आणि म्हणूनच नियम मोडतोही. बोरॉन ट्रायफ्लोराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच. सल्फर हेक्झाफ्लोराइडमध्ये सल्फर अंगाने मोठा, त्याच्याभोवती सहा फ्लोरीन आरामात बसतात, वहीत काढतो ते इलेक्ट्रॉनचे ठिपके मोजायला गेलीस तर बारा होतात. म्हणजे तू विचारलंस ना बारा का नाही, तर कधीकधी बाराही!
गंमत म्हणजे ज्याने हे ठिपके काढायला शिकवलं त्या गिल्बर्ट लुईसने १९०२ च्या सुमारास विद्यार्थ्यांना समजावताना अणू घनाकृती काढला होता, आठ कोपरे आणि प्रत्येक कोपऱ्यावर एक इलेक्ट्रॉन. दोन घन कडेला कड लावून ठेवले की कडेवरचे दोन इलेक्ट्रॉन सामाईक. घन चुकीचा निघाला पण 'इलेक्ट्रॉनची जोडी म्हणजे बंध' ही कल्पना टिकली, १९१६ च्या निबंधात त्याने ती छापली. अशा सामाईक जोडीच्या बंधाचं 'कोव्हॅलंट' (सहसंयुज) हे नाव त्याचं नाही, ते १९१९ मध्ये लँगम्यूर या केमिस्टने पाडलं. लँगम्यूरला पुढे नोबेल मिळालं, लुईसला पुन्हा पुन्हा शिफारस होऊनही शेवटपर्यंत नाही. असो, अवांतर झालं.

पुणेरीशंका
अष्टकाच्या नियमाला सगळ्यात सुंदर ठोसा १९६२ साली बसला. झेनॉन हा राजवायू, आठ पूर्ण, कुणाच्या अध्यात ना मध्यात. कॅनडात व्हँकुव्हरला नील बार्टलेट नावाच्या केमिस्टने आधी पाहिलं होतं की प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड हा वायू इतका हावरट आहे की तो ऑक्सिजनच्या रेणूतूनसुद्धा इलेक्ट्रॉन ओढून काढतो. ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला साधारण ११७५ किलोज्यूल. त्याने तक्ता बघितला, झेनॉनला ११७०. म्हणजे झेनॉन उलट जरा स्वस्तच! दोन वायू एकत्र सोडले आणि पिवळट नारिंगी घन पदार्थ तयार झाला. तोपर्यंत जगभरची पुस्तकं सांगत होती की हे होणार नाही. त्याने नियम न बघता आकडे बघितले.

कार्बनकॉपी
+१. आणि उलटा पुरावाही आहे. ऑक्साइड आयन, ऑक्सिजन अधिक दोन इलेक्ट्रॉन, अष्टक पूर्ण. 'अष्टक म्हणजे सुख' हे खरं असतं तर हा एकटा मजेत राहायला हवा होता. प्रत्यक्षात एकटा ठेवला तर तो दुसरा इलेक्ट्रॉन टाकून देतो, कारण आधीच ऋण झालेल्या कणात अजून एक ऋण कोंबलेला असतो. तो टिकतो फक्त जाळीत, आजूबाजूला धन आयनांचा पहारा असला तर. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये जाळीचा नफा ३८०० च्या आसपास आहे म्हणून सगळा तोटा भरून निघतो, आणि म्हणूनच तो पदार्थ २८०० अंश सेल्सिअसच्या वर जाईपर्यंत वितळत नाही, भट्ट्यांच्या विटांत वापरतात तो.

बाग_निफाड
राम राम. आम्ही द्राक्षवाले, बारावी सायन्स करून शेतीत पडलेलो. धागा बायकोला वाचून दाखवला.
ते सोडियमचं देणंघेणं समजलं, पण शेअर करण्याचं, ते सहसंयुज की काय, ते म्हणजे आमच्या सामाईक विहिरीसारखं आहे का? विहीर दोन भावांच्या बांधावर, सातबाऱ्यावर दोघांचं नाव, पाणी दोघांचं. कुणीच कुणाला देऊन टाकलेलं नाही पण भरणं दोघांचंही होतं.

निवृत्त_खडू
वा! ३१ वर्षांत हे मला सुचलं नाही.
तेच पुढे चालवू. दोन भाऊ सारख्या ताकदीचे असले, म्हणजे हायड्रोजन-हायड्रोजन किंवा क्लोरीन-क्लोरीन, तर पाळी निम्मी-निम्मी. पण एकाकडे साडेसातची मोटर आणि दुसऱ्याकडे तीनची असेल तर नाव दोघांचं असूनही पाणी एकीकडे जास्त जातं. हायड्रोजन क्लोराइडमध्ये क्लोरीनची मोटर मोठी. याला विद्युतऋणता म्हणतात आणि लायनस पॉलिंग या केमिस्टने तिचे आकडे लावून दिलेत. फ्लोरीन जवळपास ४, ऑक्सिजन ३.४, क्लोरीन ३.२, कार्बन २.६, हायड्रोजन २.२, सोडियम ०.९. आकड्यांत फरक जितका जास्त तितकी ओढाताण एकतर्फी. फारच फरक असला की विहीर नावालाच सामाईक उरते, तोच आयनिक बंध. म्हणजे आयनिक आणि सहसंयुज हे दोन वेगळे गाव नाहीत, एकाच रस्त्याची दोन टोकं आहेत.

पुणेरीशंका
आणि 'फरक १.७ च्या वर गेला की आयनिक' हे क्लासमध्ये घोकून घेतात ते जपून. हायड्रोजन आणि फ्लोरीनचा फरक १.७८ आहे. तरीही हायड्रोजन फ्लोराइड मिठासारखा खडा नाही, २० अंशांच्या आतच उकळतो.
विहिरीच्या उपमेत एक खोट अशी की विहीर भावांना एकमेकांकडे ओढत नाही, उलट भांडणं लावते.

बाग_निफाड
ते मात्र खरंय साहेब. कोर्टात आहे आमची.

अकरावी_ब
काका :)
मग दोन विहिरी सामाईक असतील तर डबल बाँड आणि तीन असतील तर ट्रिपल?

कार्बनकॉपी
हो, आणि ट्रिपल बाँडचा निफाडच्या काकांच्या खिशाशी थेट संबंध आहे. हवेत ७८ टक्के नायट्रोजन, पण तो जोडीने, तीन-तीन जोड्या इलेक्ट्रॉन सामाईक, तोडायला मोलमागे ९४५ किलोज्यूल. क्लोरीनच्या जोडीला २४२ पुरतात, त्यापुढे बघ हे. म्हणून पिकाभोवती नायट्रोजनचा समुद्र असूनही पान पिवळं पडतं, झाडाला तो बंध तोडताच येत नाही. हरभऱ्याच्या, सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठीतले जिवाणू तोडतात. आणि कारखान्यात हाबर पद्धतीने तोडतात, लोखंडाचं उत्प्रेरक, चारेकशे अंशांच्या वरचं तापमान आणि शेकडो पट हवेचा दाब, तेव्हा कुठे अमोनिया होतो आणि त्यातून युरिया.

बाग_निफाड
म्हणजे युरियाच्या रांगेत आम्ही त्या तीन जोड्यांपायी उभे असतो.

मीठभाकर
आता माझी शंका, मुलीची नाही. बायोलॉजीच्या पुस्तकात म्हणे लिहिलंय की एटीपीच्या (पेशींना ऊर्जा पुरवणारा रेणू) बंधात ऊर्जा साठवलेली असते आणि बंध तुटला की ती बाहेर पडते. आणि इथे तुम्ही सगळे म्हणताय बंध तोडायला ऊर्जा मोजावी लागते. कुणाचं खरं?

कार्बनकॉपी
ताई, हा घोळ एमएस्सी झालेल्यांच्याही डोक्यात असतो, मी इंटरव्ह्यूला हाच प्रश्न विचारते. बंध तोडायला नेहमी खर्च. नेहमी. बंध तयार झाला की नेहमी जमा. फटाका, पेट्रोल, एटीपी, सगळीकडे जुने बंध तुटतात (खर्च) आणि त्यांच्या जागी नवे, जास्त घट्ट बंध होतात (जमा). जमा जास्त असली की फरक बाहेर पडतो, तोच आपल्याला उष्णता म्हणून दिसतो. बायोलॉजीवाले मधला व्यवहार गाळून फक्त शिल्लक सांगतात.
हायड्रोजन आणि क्लोरीनचं बघा. तोडायचे ४३६ आणि २४२, खर्च ६७८. नव्या होणाऱ्या हायड्रोजन क्लोराइडच्या दोन बंधांचे ४३१ दुणे ८६२ जमा. शिल्लक १८४. हे मिश्रण अंधारात गप पडून राहतं, आणि लख्ख उजेड पडला की स्फोट होतो, कारण उजेड क्लोरीनची पहिली जोडी तोडून देतो, म्हणजे सुरुवातीचं भांडवल तो घालतो.
अकरावी_ब, तुला गृहपाठ. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी. ऑक्सिजनचा डबल बाँड ४९८, ऑक्सिजन-हायड्रोजनचा एक बंध सरासरी ४६३. मांड ताळेबंद.

अकरावी_ब
दोन हायड्रोजन रेणू आणि एक ऑक्सिजन रेणू, पाण्याचे दोन रेणू.
खर्च: ४३६ गुणिले २ = ८७२, अधिक ४९८ = १३७०.
जमा: ४६३ गुणिले २ = ९२६. शिल्लक उणे ४४४?? तोटा येतोय, पण हायड्रोजन तर जळतो ना.

निवृत्त_खडू
पाण्याचे रेणू किती झाले? आणि एका रेणूत बंध किती? पुन्हा मोज.

अकरावी_ब
अय्यो. दोन रेणू, प्रत्येकात दोन बंध, म्हणजे चार. ४६३ गुणिले ४ = १८५२. शिल्लक ४८२ जमा!
मग पाणी उकळताना पण हे ४६३ वाले बंध तुटतात का? गॅस किती लागेल.

निवृत्त_खडू
नाही गं. ते तुटले तर चहाच्या पातेल्यातून हायड्रोजन निघेल आणि स्वयंपाकघर उडेल. उकळताना पाण्याचे रेणू एकमेकांपासून सुटतात, रेणू आतून शाबूत राहतो. पाण्यात ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून बसलेला, त्यामुळे तो थोडा ऋण आणि हायड्रोजन थोडे धन, शिवाय रेणू सरळ रेषेत नाही, १०४.५ अंशात वाकलेला. मग एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. याला हायड्रोजन बंध म्हणतात, ताकद साधारण २० किलोज्यूल, ४६३ पुढे किरकोळ. पण किरकोळ म्हणून सोडून देऊ नका. हायड्रोजन सल्फाइड पाण्यापेक्षा वजनाने जड, तरी उणे ६० अंशालाच उकळतो कारण त्याच्यात ही पकड जवळपास नाही. पाण्याची पकड नसती तर नदी, विहीर, कोर्टातली केस काहीच नसतं.

बिनपगारी_वाचक
वाचनखूण साठवली. एवढ्या प्रतिसादांत एकही भांडण नाही, नक्की हाच फोरम ना?

बाग_निफाड
भांडण नको, एक प्रयोग सांगतो. आमच्याकडे बोर्डोसाठी (बागेवर फवारायचं बुरशीनाशक) मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, नेहमीच असतं. एक टक्क्याचं म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, आणि जमलंय का ते बघायला लोखंडी विळा बुडवतो, विळ्यावर तांबूस चढलं तर चुना कमी पडला. हे वडिलांपासून करतोय, का ते कधी विचारलं नाही. विचारायचं असं की मोरचुदात कुठला बंध असतो? खडे मिठासारखेच दिसतात पण निळे.

कार्बनकॉपी
काका, मोरचुदात सगळी बाराबलुतेदारी आहे! तांब्याचा धन आयन आणि सल्फेटचा ऋण आयन, हा आयनिक. सल्फेटच्या आत सल्फर आणि ऑक्सिजन सहसंयुज. शिवाय प्रत्येक तांब्यामागे पाच पाण्याचे रेणू, त्यातले चार तांब्याला थेट धरून, तिथे जोडीतले दोन्ही इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच पुरवतो, तांबं नुसतं भागीदार. म्हणजे विहीर खणली एका भावाने, नाव दोघांचं. पाचवा रेणू सल्फेटजवळ हायड्रोजन बंधांनी अडकलेला. निळा रंग त्या तांबं-पाणी जोडणीचा आहे. विळ्यावरचं तांबूस म्हणजे शिल्लक राहिलेल्या तांब्याच्या आयनांनी लोखंडाकडून इलेक्ट्रॉन घेतले आणि धातू होऊन बसले. चुना पुरेसा असेल तर ते आयन आधीच अडकलेले असतात.
घरी करून बघायचं असेल तर जुन्या पत्र्याच्या झाकणात चिमूटभर मोरचूद मंद आचेवर तापवा, पाणी उडून जाईल आणि पांढरं पडेल. उघड्यावर करा, वाफेवर वाकू नका, फार लाल होईस्तो तापवू नका आणि ते झाकण पुन्हा घरात घेऊ नका, मोरचूद विषारी आहे हे तुम्हाला सांगायला नको. मग पूर्ण गार होऊ द्या आणि थेंबभर पाणी टाका. थेंब टाकण्याआधी अकरावी_ब ने सांगायचं काय होईल.

अकरावी_ब
परत निळं होईल. आणि... बंध तयार होणार म्हणजे जमा. गरम होईल?

बाग_निफाड
आत्ताच केलं, गोठ्यामागे तीन विटांच्या चुलीवर. पांढरं पडलं, अगदी रांगोळीसारखं. अर्धा तास गार करत ठेवलं, झाकणाला खालून बोट लावून बघितलं, थंडगार. मग सलाईनच्या नळीने एक थेंब सोडला. जिथे पडला तिथे निळा ठिपका उठला आणि बारीक वाफ आली. खालून बोट लावलं तर चटका. जाळ नाही काही नाही, नुसतं पाणी टाकलं.
पोरीचं बरोबर आलं. बायको विचारतेय परत तापवून परत पांढरं होतं का, आता ती करून बघतेय.

मीठभाकर
लेकीने हा प्रतिसाद क्लासच्या ग्रुपवर टाकलाय. सरांचा निळा टिक आलाय, उत्तर अजून नाही.